सोन्याच्या कड्याची खंडेनवमी

वैजयंती ढवळेकडं सोन्याचं कडं होतं, पण ते हातात घालायची सोय नव्हती. माणसाच्या डोक्यावरचा एक केस घ्या, त्याच्या जाडीचे शंभर भाग करा, त्यातल्या एका भागावर मावेल एवढं ते कडं. टेंभुर्णीत तिच्या आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलेलं की आमच्या पोरीनं सोलापुरात सोन्याचं कडं केलंय. झालं! पोर सुट्टीला गावी गेली की बाया आधी तिच्या मनगटाकडं बघायच्या आणि मग एकमेकींकडं. आता त्यांना काय दाखवणार कपाळ? चांगल्या सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा ते कडं म्हणजे नुसता एक ठिपका.

त्या ठिपक्यापायी तिची सहा वर्षं गेली होती. पीएचडीची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि शनिवारी पुण्याहून परीक्षक येणार होत्या, डॉ. शकुंतला परचुरे. बाई मोठ्या कडक. त्यांनी कळवलं होतं, प्रबंधात ज्या लाटा काढल्यात त्या मला तुमच्या यंत्रावर माझ्या डोळ्यांनी बघायच्यात. लाटा दिसल्या तर डॉक्टरेट. नाही दिसल्या तर टेंभुर्णीच्या चौकात रसवंती. तिच्या बापानं त्यासाठी जागासुद्धा हेरून ठेवली होती.

लाटा कसल्या, ते तिनं जोतीरामकाकांना एकदा नीट समजावलं होतं. काका म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. अठ्ठावीस वर्षं त्याच दाराशी, त्याच स्टुलावर. आल्यागेल्या प्रत्येकाला "कुटं निघालाव?" असं विचारल्याशिवाय त्यांचा चहा पचायचा नाही.

"काका, घरातनं कामाला निघालेल्या माणसाला 'कुठं निघालास' विचारलं तर काय होतं?"

"काम हुत न्हाय. ल्हान पोराला बी ठाव हाय की."

"मग तुम्ही दिवसभर सगळ्यांना का विचारता?"

"मी ड्युटीवर हाय," काका म्हणाले.

"बरं, ऐका. ह्या कड्यात एका टोकानं इलेक्ट्रॉन शिरतो. पुढं दोन वाटा, एक डावी, एक उजवी. तुम्ही-आम्ही एकीनंच जाणार. हा पठ्ठ्या लाटेसारखा दोन्हीकडनं जातो आणि पलीकडं जाऊन स्वतःलाच भेटतो. कधी दोघांचं जमतं, तर वीज जास्त वाहते. कधी बिनसतं, तर कमी. बाहेरनं चुंबकाचा जोर वाढवत नेला की जमतं, बिनसतं, पुन्हा जमतं, पुन्हा बिनसतं. तेच कागदावर लाटांसारखं उमटतं. पण वाटेत कुणी नुसतं विचारलं, काय रे, डावीकडनं चाललास का उजवीकडनं, आणि त्याची खूण ठेवली, की संपलं. लाटा जातात आणि सरळ रेघ येते. ह्यालाच आम्ही कोहिरन्स जाणं म्हणतो."

काकांनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी घरातल्यावानीच की! सून बाजारला गेली का म्हायेरला, ह्ये सासूला कळत न्हाय तंवर समदं ग्वाड."

वैजयंतीला हसू आवरेना. तीन सत्रं वर्गात बसून मुलांना जे कळत नव्हतं, ते काकांनी सासूसकट समजून घेतलं होतं.

उकाड्यात हे जमत नाही. सोन्याचे अणूच इतके थरथरतात की वाटेत जो तो चौकशी करतो. म्हणून कडं द्रव हेलियमनं उणे दोनशे एकाहत्तर अंशांवर नेऊन ठेवायचं. सोलापुरात, जिथं पंख्याखाली बसलं तरी घाम कानामागनं ओघळतो! हेलियमची एकच टाकी हैदराबादेहून हातापाया पडून आणलेली होती. वापरा, न वापरा, ते उडून जायचंच. रविवारपर्यंत पुरलं असतं, आणि पुढची टाकी दिवाळीनंतर.

ते हातापाया पडायचं काम विभागप्रमुखांनी केलं होतं. डॉ. गुरुराज कट्टी, अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, वर्गात इंग्रजी आणि भाषणात खणखणीत मराठी. भाषणं कसली, तर अंधश्रद्धेवर. जिल्ह्यात असं गाव नसेल जिथं सरांनी पाण्यानं दिवा पेटवून दाखवला नाही. कॉलेजच्या आवारात कुणी गाडीला लिंबू-मिरची बांधली की सर स्वतः कात्री घेऊन जायचे, दोरा कापायचे आणि ती आपल्या टेबलाच्या खणात ठेवायचे, 'पुरावा' म्हणून. एवढं करून, ठेच लागली की तोंडातनं "अय्यो देवरे" असा देवाचा धावा निघायचाच. कुणी बोट दाखवलं तर म्हणायचे, "तो उद्गार आहे, विधान नाही."

तर त्या आठवड्यात असं झालं. सोमवारी वैजयंतीनं कडं थंड केलं आणि अहाहा, काय लाटा! एकसारख्या, भांग पाडल्यासारख्या. ती खुर्चीवरनं उठून नाचलीच. मंगळवारी एक तार ढिली झाली म्हणून कडं बाहेर काढून तार नीट केली आणि कडं ज्या चकतीवर होतं ती चकती डबीत, डबी कपाटात ठेवली. कारण बुधवारी खंडेनवमी आणि गुरुवारी दसरा.

खंडेनवमीला सोलापुरात हत्यारं, अवजारं पुजायची. मागापासून रिक्षापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. जोतीरामकाका अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेतलं एकूणएक यंत्र पुजत आलेले. पण यंदा सरांनी सूचना लावली: "यंत्राला तेल लागते, कुंकू लागत नाही. प्रयोगशाळेत पूजा बंद." काकांचं तोंड एवढंसं झालं. शेवटी रदबदली होऊन त्यांना बाहेरचा पाण्याचा पंप पुजायची परवानगी मिळाली. काकांनी त्या पंपाला असा काही मळवट भरला की दुसऱ्या दिवशी प्लंबर त्याला हात लावायला धजेना.

शुक्रवारी सकाळी वैजयंतीनं कडं पुन्हा थंड केलं, चुंबक चालू केलं आणि पडद्याकडं बघत बसली.

सरळ रेघ.

तिनं तारा तपासल्या, यंत्रातली हवा ओढणारा पंप तपासला, तापमान तपासलं. सगळं जिथल्या तिथं. कडं शाबूत, वीज व्यवस्थित वाहतेय, फक्त लाटा गायब.  तिला रसवंतीच्या घुंगरांचा आवाज ऐकू यायला लागला, आणि ती डोक्याला हात लावून खालीच बसली.

"मॅडम," दारातनं काका म्हणाले, "रेघ सरळ आली म्हंजी आत कुनीतरी इचारनारा बसलाय."

"काका, आत्ता नको."

"न्हाय, पर त्यो आपनहून यीत नस्तो. कुनी स्टूल टाकून दिल्याबिगर कोन बसतंय?"

तिनं मान वर केली. म्हाताऱ्याचं काही खोटं नव्हतं. हेलियम वाया गेलं तर गेलं, पण बघायलाच हवं. तिनं चकती बाहेर काढली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. कड्याच्या ऐन डोक्यावर एक लालभडक डोंगर बसला होता.

"कुंकू! काका, कुंकू!"

काका धावत आले आणि भिंगात डोळा घालून बघतच राहिले.

"तुम्हीच लावलंत! नाही म्हणू नका. सगळ्या सोलापुरात कुंकवाशिवाय चैन न पडणारा माणूस दुसरा कोण आहे? सहा वर्षं गेली माझी काका, सहा वर्षं! एवढा एक आठवडा तुम्हाला दम धरवला नाही?"

 काकांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला.

"अठ्ठावीस वर्सं झाली," ते म्हणाले.  "माज्या हातनं हितं एक काचंची नळी फुटली न्हाय. सायबांनी नगो म्हनलं, मी न्हाय लावलं. लई वाईट वाटलं, पर न्हाय लावलं. ह्ये कुंकू माजं न्हाय."

"कशावरनं?"

"लिंबू हाय का?"

वैजयंतीला वाटलं, म्हातारा आता उतारा टाकतोय. पण काका शांत होते. "माजी कारभारीन गोजर घरी कुंकू करती, हळद आन् चुन्याची निवळी घालून. त्येच्यावर लिंबू पिळलं की त्ये पुन्ना पिवळं हुतंय. बाजारी भेसळीचं लालच्या लालच ऱ्हातंय. बाया अशीच पारख करत्यात."

लिंबू कॉलेजात एकाच ठिकाणी मिळणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. सर तास घ्यायला गेले होते. जुडग्यात त्यांच्या खणाची किल्ली होतीच. खण उघडला, तर आत वाळून खडखडीत झालेली लिंबं, काळवंडलेल्या मिरच्या, दोरे, आणि वर कालच्या दसऱ्याचं एक ताजं रसरशीत लिंबू. वैजयंतीनं ते उचललं. त्याच्याखाली एक प्लास्टिकची पुडी होती, बाजारी कुंकवाची, तोंड उघडलेली. पुडीत एक दात कोरायची काडी, टोकाला लाल.

दोघं त्या काडीकडं बघत राहिले.

तरी काकांनी पारख केलीच. आपल्या कपाळावरचा टिळा बोटानं कागदावर पुसला, शेजारी पुडीतली चिमूट ठेवली, लिंबू पिळलं. टिळा पिवळा झाला. चिमूट लालभडकच राहिली. तेवढ्यात दारात सर.

"अय्यो देवरे," सर म्हणाले.

ह्या खेपेला ते विधान होतं.

"सर, तुम्ही?" वैजयंतीनं विचारलं.

सर खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "बुधवारी सगळे घरी गेल्यावर," ते म्हणाले. "सहा वर्षं तुला बघतोय गं. पत्रं लिहून झाली, हेलियम आणून झालं, माझ्या हातात होतं ते सगळं करून झालं. रात्री झोप लागत नव्हती, हिचं नाही झालं तर काय. मग मनात आलं, एवढं एकच राहिलंय. लावून टाकावं. तोटा काय होणार आहे?"

"अहो, ठिपक्याएवढं कडं आणि दात कोरायची काडी?" वैजयंती ओरडली. "मुंगीच्या कपाळाला टिळा लावायला कुणी बैलाची शिंगं रंगवायचा ब्रश घेतं का?"

"मी चकतीच्या कडेलाच लावणार होतो. हात हलला." सरांनी पुडी हातात घेतली आणि मागचं छापील वाचलं. अर्धी अक्षरं पुसलेली. "ह्यात लोखंडाच्या गंजाचा तांबडा रंग घालतात. लोखंडाचा एकेक अणू म्हणजे एकेक होकायंत्र, वैजयंती. शेजारनं इलेक्ट्रॉन गेला की सुई कलते. सुई कलली म्हणजे कोण कुठनं गेलं त्याची खूण राहिली. हे मी तुम्हाला एम.एस्सी.ला शिकवलंय, दुसऱ्या सत्रात." आणि जिल्ह्याला पाण्यानं दिवा पेटवून दाखवणारा तो माणूस डोळे पुसायला लागला.

वैजयंतीला त्यांच्यावर हेलियमची टाकी उपडी करावीशी वाटत होती आणि त्याच वेळी पाया पडावंसंही वाटत होतं. ह्या माणसानं आयुष्यभराची तत्त्वं तिच्यासाठी एका काडीच्या टोकावर ठेवली होती, आणि तीही चुकीच्या जागी.

पण रडत बसायला वेळ कुठला? आधी तिनं काकांचे हात धरले. "काका, माझी चूक झाली. मी तोंडाला येईल ते बोलले."

"जौ द्या," काका म्हणाले, पण किल्ल्यांचा जुडगा त्यांनी लगेच कमरेला लावला.

चकतीच्या दुसऱ्या कडेला अजून एक कडं होतं, तीन नंबरचं, कुंकवापासून लांब. ते चालण्यासारखं होतं, पण त्याला तारा जोडलेल्या नव्हत्या. केसाहून बारीक तार चांदीच्या लुगदीनं चिकटवायची, आणि वैजयंतीची बोटं तर थडथड उडत होती. तेव्हा काका म्हणाले, "मी बगू का?" नोकरी लागायच्या आधी काका गिरणीत होते, तुटलेले धागे सांधायला. ती गिरणी बंद पडली, बोटं मात्र तशीच राहिली होती.

आता दुसरी भानगड. अंगातल्या स्थिर विजेची एक ठिणगी पडली की कडं जळून खाक. म्हणून तिघं अनवाणी उभे राहिले, मनगटांना तांब्याची तार गुंडाळून तिचं टोक नळाला बांधलं. सरांचा शर्ट टेरिलिनचा, तो चटचट करायला लागला, म्हणून सरांना बनियनवर यावं लागलं. विभागप्रमुख बनियनवर, नळाला बांधलेले, आणि शिपाई सोन्याची तार सांधतोय. मुख्य लिपिक कसल्याशा सहीसाठी डोकावले, त्यांनी हे बघितलं आणि काही न विचारता दार लावून घेतलं.

काकांनी चारही तारा पहिल्या फटक्यात लावल्या. कडं यंत्रात गेलं.

शनिवारी सकाळी अकराला शकुंतलाबाई आल्या. चहा नको, सत्कार नको, नारळ नको. सरळ पडद्यासमोर बसल्या. वैजयंतीनं चुंबक चालू केलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा पडद्यावर लाटा चालल्या होत्या, एकामागून एक, शिस्तीत.

"छान," बाई म्हणाल्या. वैजयंतीचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी नोंदवही ओढली आणि तो पुन्हा बाहेर आला.

नोंदवहीत काही लपवायचं नाही, ही सरांचीच शिकवण. सोमवारच्या लाटा होत्या, शुक्रवारची सरळ रेघ होती, आणि खाली वैजयंतीच्या अक्षरात लिहिलेलं: 'कड्यावर लोहयुक्त कण. स्रोत अज्ञात. पुढं तीन नंबरचं कडं.' आयुष्यात पहिल्यांदा तिनं वहीत खोटं लिहिलं होतं, सरांसाठी.

"एकच कडं," बाई म्हणाल्या. "सोमवारी लाटा, शुक्रवारी नाहीत. बंद कपाटात, बंद डबीत लोखंड आलं, आणि स्रोत अज्ञात? असं असेल तर तुमची सोमवारची नोंदही मी अज्ञातच धरते. प्रबंधाचे तीन भाग त्याच कड्यावर उभे आहेत. मला सही करता येणार नाही."

 सरांनी खाली बघितलं. आणि स्टुलावरनं काका उठले.

"बाई, त्ये मी लावलं. कुंकू. खंडेनवमीला. अडानी मानूस हाय, चुकी झाली. पोरीला बोलू नगासा."

बाईंनी चष्म्यावरनं त्यांच्याकडं बघितलं. "कुंकू? कुठलं?"

आता बाजारी म्हणायचं आणि सुटायचं! पण काकांचा ऊर भरून आला. "घरचं. माजी गोजर करती. अस्सल हळदीचं, एका कनाची भेसळ न्हाय. अख्ख्या आळीत इचारा."

"हळदीत लोखंड कुठनं आलं?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाईल मिटली. "तुम्ही सगळे मिळून कुणाला वाचवताय ते मला ठाऊक नाही. पण असं कुणी वाचत नसतं."

 यंत्राचा पंप घरघरत होता. बाई पर्स उचलत होत्या.

"मी लावलं," सर म्हणाले.

बाई थांबल्या. "कट्टी, तुम्ही? गेल्या वर्षी पुण्यात तुमच्या भाषणाला मी पहिल्या रांगेत बसले होते."

"मीच. बाजारातली दहा रुपयांची पुडी, दात कोरायच्या काडीनं. जोतीरामांनी माझी सूचना पाळली आणि मीच मोडली. पोरगी पास व्हावी म्हणून लावलं, आणि तिचंच वाटोळं होत होतं." सरांनी खिशातनं पुडी काढून टेबलावर ठेवली. "उद्या वर्तमानपत्रात द्या, माझी भाषणं बंद करा, काय वाटेल ते करा. पण तिच्या लाटा खऱ्या आहेत. सोमवारच्याही आणि आजच्याही."

 बाईंनी पुडी उचलली, उजेडात धरली, वास घेतला. मग पर्स खाली ठेवली, फाईल पुन्हा उघडली आणि पेनचं टोपण काढलं.

"एकाच चकतीवर एक कडं कुंकवाचं, एक बिनकुंकवाचं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "एकात कोहिरन्स मेला, एकात जिवंत. इतकी स्वच्छ तुलना मी मुद्दाम करायला सांगितली असती तर कुणी केली नसती. मुली, हे तुझं शेवटचं प्रकरण. अज्ञात खोड आणि खरं लिही. नावासकट."

वैजयंती रडायला लागली. काकाही रडायला लागले, आणि रडता रडता त्यांनी दारात आलेल्या झाडूवालीला "ताई, कुटं निघालाव?" असं विचारून परत पाठवलं.

"एक सांगा कट्टी," बाईंनी वर न बघता विचारलं. "कुंकू किती लावलं होतं?"

"किती म्हणजे, अंदाजे एक टिकली."

"अंदाजे?" आता मात्र बाई खऱ्याखुऱ्या संतापल्या. "भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख ना तुम्ही? पुढच्या खंडेनवमीला वजन करून लावा." आणि त्यांनी वैजयंतीच्या कागदावर सही केली.